डीएनए पॉलिमरेज

डीएनए पॉलिमरेज हा सुट्या न्यूक्लिओटाइडांपासून डीएनएचा धागा घडवणाऱ्या विकरांचा, म्हणजेच एंझाइमांचा, गट आहे. पेशी विभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार करणे आणि डीएनएला झालेली इजा दुरुस्त करणे ही या विकरांची दोन मुख्य कार्ये होत. जीवाणू, वनस्पती, प्राणी व मानव यांच्या पेशींत तसेच अनेक विषाणूंमध्ये डीएनए पॉलिमरेज आढळते. संज्ञा एकवचनी असली तरी तिने एकाच विकराचा बोध होत नाही; मानवी पेशीत अशी दहाहून अधिक विकरे असून प्रत्येकाचे काम, वेग आणि अचूकता निराळी आहे. ‘जोडणारे विकर’ एवढाच अर्थ या नावातून निघतो. मात्र साच्याचे वाचन करणे आणि यांपैकी काही विकरांच्या बाबतीत स्वतःची चूक काढून टाकणे हे गुणही तितकेच महत्त्वाचे आहेत. आनुवंशिक माहितीची अचूकता मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावर अवलंबून असते.

नावाची घडण

‘पॉलिमरेज’ हा शब्द ‘पॉलिमर’ आणि ‘-एज’ हा प्रत्यय यांपासून बनला आहे. ग्रीक भाषेत ‘पॉली’ म्हणजे अनेक आणि ‘मेरोस’ म्हणजे भाग. अनेक लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन तयार होणाऱ्या लांब रेणूस पॉलिमर म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘बहुवारिक’ हा शब्द आहे. डीएनए हे न्यूक्लिओटाइडांचे बहुवारिक आहे. त्यातील प्रत्येक न्यूक्लिओटाइडात डीऑक्सिरायबोज शर्करा, फॉस्फेट आणि ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन या चार नायट्रोजनयुक्त पदार्थांपैकी एक असतो. या चार पदार्थांना ‘बेस’ असेही म्हणतात.

‘-एज’ या प्रत्ययाचे मूळ १८३३ सालच्या एका शोधात आहे. आन्सेल्म पायेन व जाँ-फ्रान्स्वा पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून पिष्टमय पदार्थाचे शर्करेत रूपांतर करणारा पदार्थ वेगळा केला व त्यास ‘डायास्टेज’ हे नाव दिले. पुढे त्या नावाचा शेवटचा भाग विकरांच्या नावांचा प्रत्यय म्हणून रूढ झाला.

विकरांच्या नावांत या प्रत्ययापूर्वी बहुधा ज्या पदार्थाचे विघटन होते त्याचे नाव येते. लॅक्टेज लॅक्टोजचे, तर प्रोटिएज प्रथिनांचे विघटन करते. पॉलिमरेजच्या बाबतीत मात्र हा अर्थ लागू पडत नाही. येथे पॉलिमर हा तोडला जाणारा पदार्थ नसून विकराच्या क्रियेतून तयार होणारा पदार्थ आहे. डीएनए तोडणाऱ्या विकरांना ‘न्यूक्लिएज’ असे वेगळे नाव आहे.

संज्ञेची व्याप्ती

विकरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात डीएनए पॉलिमरेजचा समावेश ट्रान्सफरेज, म्हणजे रासायनिक गट एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर नेणाऱ्या विकरांच्या वर्गात होतो. तेथे त्याचा क्रमांक २.७.७.७ असून पूर्ण नाव ‘डीएनए-निर्देशित डीएनए पॉलिमरेज’ असे आहे. या नावातील पहिला ‘डीएनए’ साच्याविषयी आणि दुसरा उत्पादनाविषयी सांगतो. साचा व उत्पादन या दोन निकषांवर पुढील जवळच्या संज्ञा वेगळ्या ओळखता येतात.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज: हे विकर आरएनएच्या साच्यावरून डीएनए तयार करते. त्याचे वर्गीकरणातील नाव ‘आरएनए-निर्देशित डीएनए पॉलिमरेज’ असे असून क्रमांक २.७.७.४९ आहे. गुणसूत्रांची टोके राखणारे टेलोमरेज हे विकरही आरएनएच्या साच्यावरून डीएनए घडवते.

टर्मिनल ट्रान्सफरेज: हे विकर साच्याशिवाय डीएनएच्या टोकाला न्यूक्लिओटाइड जोडते. विकसित होत असलेल्या लसीका पेशींमध्ये त्याच्यामुळे प्रतिपिंडांच्या जनुकांत विविधता येते. त्याचा क्रमांक २.७.७.३१ आहे.

आरएनए पॉलिमरेज: प्रतिलेखनाच्या वेळी हे विकर डीएनएच्या साच्यावरून आरएनए तयार करते. उत्पादन आरएनए असल्यामुळे त्यास डीएनए पॉलिमरेज म्हणत नाहीत.

डीएनए लायगेज: हे विकर डीएनएच्या धाग्यातील खंड सांधते. ते सुटे न्यूक्लिओटाइड जोडून धागा वाढवत नसल्याने त्याची गणना पॉलिमरेजमध्ये होत नाही.

कोणतेही विशेषण न लावता ‘डीएनए पॉलिमरेज’ असे लिहिले असल्यास सामान्यतः डीएनएच्या साच्यावर काम करणारे विकर अभिप्रेत असते.

कार्यपद्धती

डीएनए पॉलिमरेजला काम करण्यासाठी चार गोष्टी लागतात: वाचण्यासाठी डीएनएचा साचा, आरंभासाठी त्या साच्याला जुळलेला एक लहान तुकडा, चारही प्रकारच्या न्यूक्लिओटाइडांचा पुरवठा आणि धातूचे आयन, जे पेशीत बहुधा मॅग्नेशियमचे असतात. आरंभीच्या लहान तुकड्यास ‘प्रायमर’ म्हणतात.

साच्यावरील प्रत्येक बेससमोर त्याचा जोडीदार बसवला जातो. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन येते. योग्य न्यूक्लिओटाइड जागेवर बसल्यावर विकराचा आकार किंचित बदलून ते घट्ट मिटते आणि मगच रासायनिक बंध तयार होतो. चुकीची जोडी विकराच्या खोबणीत नीट बसत नसल्याने हा बंध तयार होण्याची शक्यता फार कमी असते. अनेक डीएनए पॉलिमरेजांच्या रेणूचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा दिसतो. त्यामुळे त्याच्या भागांना ‘तळवा’, ‘बोटे’ आणि ‘अंगठा’ अशी नावे पडली आहेत. रासायनिक क्रिया तळव्यात घडते, बोटे येणाऱ्या न्यूक्लिओटाइडाला जागेवर आणतात आणि अंगठा डीएनएला धरून ठेवतो.

या विकरांना दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे त्यांना धाग्याचा आरंभ करता येत नाही, असलेला धागा फक्त वाढवता येतो. पेशीत हा आरंभ प्रायमेज नावाचे विकर आरएनएचा लहान तुकडा तयार करून देते. दुसरी मर्यादा दिशेची आहे. न्यूक्लिओटाइडातील शर्करेच्या कार्बन अणूंना क्रमांक दिलेले असून धाग्याच्या दोन टोकांना त्यांवरून ५′ टोक व ३′ टोक म्हणतात. डीएनए पॉलिमरेज नवे न्यूक्लिओटाइड नेहमी ३′ टोकालाच जोडते.

डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी जात असल्याने या मर्यादेचा थेट परिणाम प्रतिकृतीकरणावर होतो. धागे उलगडत जातात तसा एका साच्यावर नवा धागा सलग तयार होतो. दुसऱ्या साच्यावर मात्र तो उलट दिशेने, लहान लहान खंडांत तयार करावा लागतो. जपानमधील नागोया विद्यापीठात रेजी ओकाझाकी, त्सुनेको ओकाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या खंडांचा शोध लावला. म्हणून त्यांना ‘ओकाझाकी खंड’ म्हणतात. नंतर आरएनएचे प्रायमर काढले जातात, रिकाम्या जागा डीएनएने भरल्या जातात आणि लायगेज हे विकर खंड सांधते.

ई. कोलाय या जीवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात. त्यातील मुख्य डीएनए पॉलिमरेज सेकंदाला सुमारे १,००० न्यूक्लिओटाइड जोडते. प्रतिकृतीकरण एका ठिकाणाहून दोन दिशांना सुरू होत असल्याने संपूर्ण गुणसूत्राची प्रत सुमारे ४० मिनिटांत पूर्ण होते. मानवी पेशीत हा वेग बराच कमी असतो. तेथे गुणसूत्रांवरील हजारो ठिकाणांहून प्रतिकृतीकरण सुरू होते आणि काम काही तासांत संपते.

अचूकता आणि चूक-दुरुस्ती

प्रतिकृतीकरण करणारे डीएनए पॉलिमरेज न्यूक्लिओटाइड निवडताना साधारणपणे १ लाखात एखादी चूक करते. हे प्रमाण वरवर पाहता नगण्य वाटते. परंतु मानवाच्या प्रत्येक पेशीत सुमारे ६०० कोटी बेस-जोड्या असल्याने एवढ्यावरच काम थांबले तर प्रत्येक विभाजनानंतर प्रत्येक नव्या पेशीत सुमारे ६०,००० चुका राहून जातील.

हे टाळण्यासाठी या विकरांमध्ये तपासणीची सोय आहे. नुकतेच जोडलेले न्यूक्लिओटाइड साच्याशी जुळत नसेल तर धाग्याचे टोक तळव्यापासून सुटून विकराच्याच दुसऱ्या भागात जाते. तेथे चुकीचे न्यूक्लिओटाइड तोडले जाते आणि जोडणी पुन्हा सुरू होते. या क्षमतेस ‘३′ ते ५′ एक्सोन्यूक्लिएज क्रिया’ म्हणतात. म्हणजेच नावाने जोडणारे असलेले हे विकर आवश्यक तेथे तोडण्याचेही काम करते. या तपासणीमुळे चुकांचे प्रमाण सुमारे १०० पटींनी घटून १ कोटीत एकाच्या आसपास येते. त्यानंतरही राहिलेल्या विजोड जागा पेशीतील अन्य प्रथिने शोधून दुरुस्त करतात. अखेरीस १०० कोटी बेसमागे एक किंवा त्याहूनही कमी चूक उरते. ही उरलेली चूक म्हणजे एक प्रकारचे उत्परिवर्तन होय. जनुकीय आजारांच्या आणि सजीवांच्या उत्क्रांतीच्याही मुळाशी उत्परिवर्तने असतात.

धागा एकाच दिशेने का वाढतो, याचे स्पष्टीकरणही या तपासणीत शोधले जाते. जोडणीसाठी लागणारी ऊर्जा नव्याने येणारे न्यूक्लिओटाइड तीन फॉस्फेटांच्या रूपात स्वतःबरोबर आणते. त्यामुळे टोकाचे चुकीचे न्यूक्लिओटाइड काढून टाकले तरी पुढची जोडणी अडत नाही. धागा उलट दिशेने वाढत असता तर ही ऊर्जा धाग्याच्या टोकावर राहिली असती आणि चूक काढताना तीही गमावली जाऊन काम थांबले असते.

शोधाचा इतिहास

जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. दोन धाग्यांपैकी प्रत्येक धागा नव्या धाग्याचा साचा ठरू शकतो, हे या रचनेवरून सुचत होते. मात्र हे काम कोणते विकर करते ते ज्ञात नव्हते. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात आर्थर कोर्नबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास ई. कोलायच्या पेशी फोडून मिळवलेल्या अर्कातून हे विकर वेगळे केले. यासंबंधीचे त्यांचे दोन शोधनिबंध ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकाने १९५७ मध्ये प्रथम नाकारले. परीक्षनळीत तयार झालेल्या पदार्थास ‘डीएनए’ म्हणण्यास काही परीक्षकांचा आक्षेप होता. जनुकाचे कार्य सिद्ध झाल्याशिवाय ते नाव वापरू नये, असे त्यांचे मत होते. अखेर हे निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५९ मध्ये कोर्नबर्ग यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नावाविषयीच्या आक्षेपाचे उत्तर १९६७ मध्ये मिळाले. कोर्नबर्ग, मेहरान गुलियन व रॉबर्ट सिन्शायमर यांनी एका जीवाणुभक्षी विषाणूच्या डीएनएची प्रत विकरांच्या साह्याने परीक्षनळीत तयार केली आणि त्या डीएनएने जीवाणूच्या पेशींत नवे विषाणू निर्माण केले.

त्यानंतर लगेचच एक नवा प्रश्न उभा राहिला. पॉला डी लुसिया व जॉन केर्न्स यांनी १९६९ मध्ये ई. कोलायचा एक उत्परिवर्तित प्रकार शोधून काढला. त्यात कोर्नबर्ग यांच्या विकराची क्रिया जवळजवळ नव्हती, तरीही जीवाणू नेहमीप्रमाणे वाढत होता. मात्र अतिनील किरणांपुढे त्याचा निभाव लागत नव्हता. यावरून असा निष्कर्ष निघाला की ज्याला प्रतिकृतीकरणाचे मुख्य विकर मानले जात होते त्याचे खरे काम दुरुस्तीशी निगडित आहे आणि प्रतिकृतीकरण करणारे विकर दुसरेच असले पाहिजे. असा उत्परिवर्तित जीवाणू हाती आल्याने अन्य पॉलिमरेज शोधणे सोपे झाले. आर्थर कोर्नबर्ग यांचे पुत्र थॉमस कोर्नबर्ग व माल्कम गेफ्टर यांनी पुढच्या दोन वर्षांत डीएनए पॉलिमरेज २ आणि ३ यांवर काम केले. जीवाणूच्या प्रतिकृतीकरणाचे मुख्य विकर पॉलिमरेज ३ आहे, हे यातून स्पष्ट झाले.

हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचा शोध लावला. आरएनएवरूनही डीएनए तयार होऊ शकतो हे त्यामुळे सिद्ध झाले. या दोघांना रेनातो डुल्बेको यांच्यासह १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रमांक, ग्रीक अक्षरे आणि कुळे

वरील इतिहासामुळे जीवाणूंमधील पॉलिमरेजांचे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले आहेत. त्यांवरून महत्त्व किंवा कामाचा क्रम कळत नाही. पॉलिमरेज १ आरएनएचे प्रायमर काढून त्या जागा भरते व दुरुस्तीत भाग घेते. पॉलिमरेज २ प्रामुख्याने दुरुस्तीशी संबंधित आहे. पॉलिमरेज ३ मुख्य प्रतिकृतीकरण करते. पॉलिमरेज ४ व ५ इजा झालेल्या साच्यावरूनही पुढे जाऊ शकतात, पण त्यांची अचूकता कमी असते.

मानव व इतर दृश्यकेंद्रकी सजीवांमधील पॉलिमरेजांना ग्रीक अक्षरांची नावे आहेत. अल्फा प्रायमेजबरोबर राहून धाग्याचा आरंभ करते. एप्सिलॉन सलग वाढणाऱ्या धाग्याचे आणि डेल्टा खंडांत वाढणाऱ्या धाग्याचे मुख्य काम पाहते. बीटा लहान दुरुस्त्या करते, तर गॅमा तंतुकणिकांमधील डीएनएची प्रत तयार करते.

अमिनो आम्लांच्या क्रमातील साम्यावरून डीएनए पॉलिमरेजांची ए, बी, सी, डी, एक्स, वाय आणि आरटी अशी कुळेही मानली जातात. ही विभागणी क्रमांकांशी जुळत नाही. उदाहरणार्थ, जीवाणूंतील पॉलिमरेज १ आणि मानवातील गॅमा ही दोन्ही ए कुळातील आहेत, तर पॉलिमरेज २ हे अल्फा, डेल्टा व एप्सिलॉन यांच्यासह बी कुळात येते.

आजार आणि औषधे

डीएनए पॉलिमरेजमधील दोष मानवी आजारांना कारणीभूत ठरतात. एप्सिलॉन व डेल्टा यांच्या तपासणी करणाऱ्या भागात दोष असल्यास चुका साचत जातात. अशा दोषांचा संबंध मोठ्या आतड्याच्या व गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाशी आढळला आहे. गॅमाच्या जनुकातील दोषांमुळे तंतुकणिकांचे आजार होतात व त्यांचा परिणाम मेंदू, स्नायू आणि यकृतावर होतो.

कमी अचूक पॉलिमरेजही अनावश्यक नसते, हे ईटा या विकरावरून दिसते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे डीएनएतील शेजारचे दोन थायमीन एकमेकांना चिकटतात आणि नेहमीचे पॉलिमरेज तेथे अडकते. अशा जागी ईटा पुढे येऊन समोर दोन ॲडेनीन बसवते व प्रतिकृतीकरण चालू राहते. ज्या व्यक्तींमध्ये हे विकर कार्य करत नाही त्यांना झीरोडर्मा पिग्मेंटोसम या आजाराचा एक प्रकार होतो आणि उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो.

विषाणूंची पॉलिमरेज मानवी पॉलिमरेजांहून काहीशी वेगळी असल्यामुळे ती औषधांचे लक्ष्य ठरतात. असायक्लोव्हिर हे औषध नागीण विषाणूंच्या डीएनए पॉलिमरेजला रोखते. झिडोव्हुडिन व टेनोफोव्हिर ही एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला फसवणारी औषधे आहेत. ती न्यूक्लिओटाइडासारखी दिसत असल्याने धाग्यात जोडली जातात. परंतु त्यांच्यात पुढच्या जोडणीसाठी लागणारे टोक नसल्याने धागा तेथेच खुंटतो. या गटातील काही औषधे मानवी गॅमा पॉलिमरेजलाही अडथळा करतात व त्यांचे काही दुष्परिणाम त्यातून उद्भवतात.

प्रयोगशाळेतील वापर

हरगोविंद खोराना यांनी जनुकीय संकेत उलगडताना ठरावीक क्रमाची पुनरावृत्ती असलेले लांब डीएनए तयार करण्यासाठी डीएनए पॉलिमरेजचा उपयोग केला. त्यांना १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये मांडलेली डीएनएचा क्रम वाचण्याची पद्धत, धागा मध्येच खुंटवणारे न्यूक्लिओटाइड डीएनए पॉलिमरेजला पुरवण्यावर आधारलेली आहे.

कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या पॉलिमरेज साखळी अभिक्रियेमुळे, म्हणजे पीसीआरमुळे, या विकराचे नाव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. या पद्धतीत डीएनए तापवून धागे सुटे केले जातात, थंड करून प्रायमर जुळवले जातात आणि पॉलिमरेजकडून नवे धागे तयार करवले जातात. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होत असल्याने ३० फेऱ्यांनंतर एका रेणूपासून सैद्धांतिकदृष्ट्या १०० कोटींहून अधिक प्रती मिळतात. आरंभी उष्णतेने विकर निकामी होत असल्याने ते प्रत्येक फेरीत पुन्हा घालावे लागे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उष्ण झऱ्यांत आढळलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूच्या ‘टॅक पॉलिमरेज’मुळे ही अडचण दूर झाली. टॅकमध्ये चूक तपासण्याची क्षमता नसते. त्यामुळे अचूक प्रत हवी असल्यास ‘पीएफयू’सारखी तपासणी करणारी पॉलिमरेज वापरतात.

कोविड-१९ च्या साथीत परिचित झालेल्या आरटी-पीसीआर चाचणीत पॉलिमरेजची दोन्ही कार्ये एकामागून एक घडतात. कोरोना विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या स्वरूपात असल्याने आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज तिच्यावरून डीएनए तयार करते आणि नंतर उष्णता सहन करणारे डीएनए पॉलिमरेज त्या डीएनएच्या प्रती वाढवते. भारतातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान जानेवारी २०२० मध्ये पुणे येथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील तपासणीतून झाले.

मराठीतील वापर

मराठीत ‘डीएनए पॉलिमरेज’ हे नाव लिप्यंतर करूनच वापरले जाते. ‘पॉलिमरेझ’ असे लेखनही आढळते. विकर या शब्दाप्रमाणे त्याचा वापर नपुंसकलिंगी होतो. नुसते ‘पॉलिमरेज’ असे लिहिल्यास संदर्भानुसार अर्थ बदलतो: प्रतिलेखनाच्या वर्णनात त्याचा अर्थ आरएनए पॉलिमरेज असा होतो, तर प्रतिकृतीकरणाच्या व पीसीआरच्या वर्णनात डीएनए पॉलिमरेज असा. त्याचप्रमाणे ‘पॉलिमरेज १’ किंवा ‘पॉलिमरेज २’ या नावांआधी डीएनए की आरएनए याचा उल्लेख आवश्यक असतो, कारण दृश्यकेंद्रकी पेशींतील आरएनए पॉलिमरेजांनाही असेच क्रमांक दिलेले आहेत.